पैशाच्या दोन पावत्या : व्याजासोबत समाजाचंही भलं पाहणारी गुंतवणूक पुण्यात कशी सुरू करावी

बाबांच्या कपाटात एक हिरवी फाइल होती. आत जाड कागदावरचं प्रमाणपत्र, त्यावर सागाच्या झाडाचं चित्र आणि खाली झाडांचे नंबर छापलेले. १९९४ साली त्यांनी दहा हजार रुपये एका सागवान लागवडीच्या कंपनीत घातले होते. झाडं लावली जातील, डोंगर हिरवे होतील आणि वीस वर्षांनी लाखांत परतावा मिळेल, असं एजंटाने आमच्याच ओट्यावर बसून सांगितलं होतं. पहिली दोन वर्षं रोपांचे फोटो आले, मग पत्रं थांबली आणि शेवटी पत्ताही राहिला नाही. पुण्यातल्या माझ्या वयाच्या बऱ्याच लोकांच्या घरी अशी एखादी फाइल सापडेल. त्या काळात अशा लागवड योजनांचं इतकं पीक आलं होतं की अखेर १९९९ मध्ये सेबीला, म्हणजे भांडवल बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेला, सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी वेगळे नियम करावे लागले.

आज ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’ हा शब्द ऐकला की मला आधी ती फाइल आठवते. तरीही मी या विषयाच्या बाजूने लिहितो आहे, कारण चांगल्या कामाला पैसा लावणं ही बाबांची इच्छा चुकीची नव्हती. चूक एवढीच झाली की त्यांनी परताव्याचा आकडा विचारला, पण झाडांचा हिशेब मागितला नाही. म्हणून नव्याने सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, या गुंतवणुकीत पैशाच्या दोन पावत्या घ्यायच्या. एक व्याजाची आणि दुसरी कामाची. दुसरी पावती देता येत नसेल, तर ती साधी गुंतवणूक समजा आणि साध्या गुंतवणुकीच्या मापानेच तोला.

आधी शब्द नीट समजून घ्या

हा शब्द २००७ च्या सुमारास रॉकफेलर फाउंडेशनने बोलावलेल्या एका बैठकीतून रूढ झाला. अर्थ साधा आहे. पैसा लावतानाच समाजाचं किंवा पर्यावरणाचं एखादं ठरावीक भलं व्हावं असा हेतू हवा, ते झालं की नाही हे मोजलं जायला हवं आणि मुद्दल परत मिळण्याची, शक्यतो वर काही मिळण्याची अपेक्षा हवी. यातलं मुद्दल गेलं की ते दान होतं. हेतू आणि मोजमाप गेलं की नेहमीची गुंतवणूक उरते.

नवख्यांची सगळ्यात जास्त गल्लत ईएसजी फंडांपाशी होते. ईएसजी फंड शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांमधून पर्यावरण, समाज आणि कारभार या बाबतींत बऱ्या ठरणाऱ्या कंपन्या निवडतो. त्यात वाईट काही नाही. पण तुम्ही त्या फंडात दहा हजार घातले म्हणून कुठल्या वाडीत जास्तीचा दिवा लागत नाही. तुमचे पैसे बहुधा दुसऱ्या शेअरधारकाकडे जातात, कंपनीकडे नाही. तिथे धोका इक्विटीचा, म्हणजे शेअरचा असतो आणि बाजार पडला की हा फंडही पडतो. एक सोय मात्र आहे. २०२२-२३ पासून बाजारमूल्यात पहिल्या हजारांत असलेल्या कंपन्यांना पाणी, वीज, कचरा, कामगार यांची माहिती ठरलेल्या नमुन्यात जाहीर करावी लागते. ज्या कंपनीचे शेअर तुमच्याकडे आहेत तिच्या वार्षिक अहवालातलं ते प्रकरण एकदा जरूर उघडून पाहा.

पहिली पायरी : कुठला पैसा

आजारपणाचा पैसा, सहा महिन्यांच्या घरखर्चाची तरतूद, पुढच्या दोन-तीन वर्षांत लागणारी मुलांची फी, हे काहीही इकडे आणू नका. विम्याचे हप्ते भरून आणि महागडी कर्जं फेडून झाल्यावर जे उरतं, त्यातला लहान हिस्सा घ्या. मी स्वतः सुरुवात बचतीच्या विसाव्या हिश्शाने केली. एवढ्या रकमेत चूक झाली तरी घर हलत नाही आणि शिकायला तेवढी पुरते.

दुसरी पायरी : कशासाठी, ते एका ओळीत लिहा

‘समाजासाठी काहीतरी’ असं लिहू नका. ‘पुण्याच्या पाण्यासाठी’, ‘बायकांच्या छोट्या धंद्यांना भांडवल’, ‘कोळशाची वीज कमी व्हावी म्हणून’ असं लिहा. विषय ठरला की निम्मे पर्याय आपोआप गळतात, आणि कुणी गोड बोलून भलत्याच योजनेत ओढू लागलं तर ही ओळ तुम्हाला थांबवते.

तिसरी पायरी : कामाची पावती मागायला शिका

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं इथे आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

पुणे जिल्ह्यातल्या डोंगरात दरेवाडी नावाची वस्ती आहे. तिथे २०१२ मध्ये पुण्याच्या ग्राम ऊर्जा या कंपनीने सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरती छोटी वीजयंत्रणा, उभा केला. प्रकल्पाचं भांडवल बाहेरून आलं, पण घरोघरी मीटर बसले आणि गावकरी वापराप्रमाणे पैसे भरू लागले, म्हणजे देखभाल आणि पुढे बॅटऱ्या बदलण्याचा खर्च गावातूनच निघावा. आता अशा प्रकल्पाबद्दल कुणी तुम्हाला ‘अमुक किलोवॉटचे पॅनल बसवले’ असं सांगितलं, तर ती कामाची पावती नव्हे. ते फक्त सामान झालं. किती घरांत किती तास दिवे लागले, रॉकेल किती वाचलं, पाचव्या वर्षी बॅटऱ्या संपल्यावर नव्या कुणाच्या पैशातून आल्या, ही पावती. सामान मोजणं सोपं असतं, म्हणून बहुतेक माहितीपत्रकांत तेवढंच मोजलेलं असतं.

दुसरा प्रश्न असा की भलं नक्की कुणाचं होतं आणि त्यात त्यांचा आवाज किती. आपल्या शहरातली ‘स्वच्छ’ ही संस्था बघा. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून पुढे कचरावेचकांची ही सहकारी संस्था निघाली. दारात कचरा घ्यायला येणारी ताई तिथे सभासद आहे, मालक आहे. म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ ची. पहिल्यांदा परवाना नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हांबरोबर शिकल्या, परत गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो म्हणाल्या. ज्यांच्या नावाने पैसा उभा राहतो, त्यांच्याच हातात कारभार असेल तर कामाची पावती खरी असण्याची शक्यता फार वाढते.

तिसरा प्रश्न विचारायला जरा जड जातो. परताव्याच्या घाईत भलं उलटं तर होत नाही ना? २०१० मध्ये आंध्र प्रदेशात सूक्ष्म कर्जांचं जे झालं ते विसरू नका. गरीब बायकांना कर्ज देणं हे चांगलं काम म्हणून सुरू झालं, गुंतवणूकदारांचा पैसा वेगाने आला, एकेका घरावर चार-चार कंपन्यांची कर्जं चढली, वसुलीचा जाच वाढला आणि सरकारला कायदा करून कर्जवाटपाला लगाम घालावा लागला. उलट आपल्याकडे डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये १९९३ पासून अन्नपूर्णा परिवाराचं काम भाजी विकणाऱ्या बायकांना छोटी कर्जं देत सावकाश वाढवलं. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कुठल्याही संस्थेला विचारा, एका कुटुंबावर आधीची किती कर्जं आहेत ते तुम्ही तपासता का आणि हप्ता चुकला तर नेमकं काय करता? या उत्तरावरून संस्थेची पारख होते.

चौथी पायरी : दारं कुठली उघडी आहेत

लहान गुंतवणूकदारासाठी पहिलं दार माझ्या मते भारत सरकारच्या हरित रोख्यांचं. रोखा घेणं म्हणजे ठरलेल्या व्याजावर सरकारला कर्ज देणं, आणि हरित म्हणजे तो पैसा पर्यावरणाच्या कामांनाच लावायचा. पहिली विक्री २५ जानेवारी २०२३ ला झाली आणि त्या आर्थिक वर्षात एकूण १६,००० कोटींचे रोखे निघाले. यातला पैसा सौरऊर्जा, विजेवरची रेल्वे इंजिनं, मेट्रो अशा कामांना लावायचा असतो. कोळसा-तेल, अणुऊर्जा आणि २५ मेगावॉटपेक्षा मोठे जलविद्युत प्रकल्प यादीबाहेर आहेत. मुद्दलामागे केंद्र सरकार उभं असतं.

घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ संकेतस्थळावर खातं उघडा. पॅन, आधार, बचत खातं, मोबाइल आणि ईमेल लागतो, केवायसी व्हिडिओवरही होते. खातं उघडायला पैसे पडत नाहीत आणि मध्ये एजंट नाही. नामनिर्देशन तेव्हाच करून टाका, नंतर राहून जातं. मग लिलावाची तारीख आली की ‘नॉन-कॉम्पिटिटिव्ह’ बोली लावायची, म्हणजे दर मोठे खरेदीदार ठरवतात आणि आपल्याला तोच मिळतो. किमान रक्कम १०,००० रुपये. पहिल्या विक्रीत दहा वर्षांच्या रोख्यांचा दर ७.२९ टक्के होता. दहा हजारांवर वर्षाला ७२९ रुपये, तेही दोन हप्त्यांत. हे व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जातं, त्यामुळे तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हातात साधारण पाचशे उरतात. हा हिशेब आधीच करा. मुदतीआधी विकायला गेलात तर गिऱ्हाईक चटकन मिळेलच असं नाही आणि बाजारातले व्याजदर चढलेले असतील तर किंमत कमी येईल. त्यामुळे मुदत संपेपर्यंत ठेवता येतील तेवढेच घ्या. कामाच्या पावतीसाठी अर्थ मंत्रालयाचा अहवाल वाचा, पैसा कुठल्या खात्याकडे गेला ते त्यात असतं.

दुसरं दार महापालिकांच्या रोख्यांचं, आणि इथे पुण्याला अभिमान वाटावा असा इतिहास आहे. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास समान पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे दहा वर्षांचे रोखे ७.५९ टक्क्यांनी काढले आणि मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली. पिंपरी-चिंचवडनेही नंतर २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये रोखे आणले, दुसऱ्या वेळी हरित. अडचण अशी की असे रोखे बहुधा मोठ्या संस्थांनाच विकले जातात. इंदूरने फेब्रुवारी २०२३ मध्ये वेगळी वाट काढली. नर्मदेचं पाणी शहरात उपसून आणायला विजेचं बिल प्रचंड येतं, म्हणून जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा होता. त्यासाठी २४४ कोटींचे रोखे ८.२५ टक्क्यांनी थेट जनतेला विकले आणि दहा हजारांपासून लोकांनी घेतले. आपल्या पालिकेने असा रोखा सर्वांसाठी खुला केला तर मी रांगेत पहिला असेन. तोवर डीमॅट खातं (शेअर-रोखे संगणकावर ठेवण्याचं खातं) उघडून ठेवा, रोखा आल्यावर पतमानांकन (परतफेडीची खात्री किती याचा शेरा) आणि परतफेडीचा पैसा कुठल्या खात्यातून येणार हे वाचा. रोखे विकले गेले म्हणजे काम झालं असं नसतं. टाक्या, जलवाहिन्या, मीटर यांना वर्षं लागतात आणि त्याची पावती महापालिकेकडे मागायचा हक्क रोखे न घेतलेल्या पुणेकरालाही आहे.

तिसरं दार ठेवींचं. बायकांच्या, शेतकऱ्यांच्या किंवा कष्टकऱ्यांच्या सहकारी बँकेत ठेव ठेवणं हासुद्धा भल्याच्या गुंतवणुकीचा जुना, आपला मार्ग आहे. पण एक रेघ ठळक ओढून ठेवा. बँकेतल्या ठेवीला व्याजासह ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. नावात दोन्हीकडे ‘सहकारी’ असतं, पाटीही सारखीच असते आणि ओळखीचा माणूस दोन्हीकडे काउंटरवर असतो. ‘आपलीच पतसंस्था आहे’ म्हणून निवृत्तीचा सगळा पैसा तिथे ठेवणाऱ्या काकांना हात जोडून थांबवा.

छोट्या कर्जदारांना थेट कर्ज देता येतं तेही परवानाधारक पी-टू-पी संस्थांमार्फत, म्हणजे कर्ज देणारा आणि घेणारा यांची ऑनलाइन गाठ घालून देणाऱ्या संस्थांमार्फत. ‘रंग दे’ ही त्यातली शेतकरी, कारागीर अशांसाठी काम करणारी संस्था. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२४ मध्ये नियम कडक केले. आता कुठलीही अशी संस्था ठरलेल्या परताव्याचं आश्वासन देऊ शकत नाही आणि कर्ज बुडालं तर नुकसान पूर्ण तुमचं. म्हणून थोडे थोडे पैसे अनेकांत वाटा.

सोशल स्टॉक एक्स्चेंजबद्दल, म्हणजे समाजकार्य करणाऱ्या संस्थांना पैसा उभारता यावा म्हणून शेअर बाजारात केलेल्या वेगळ्या विभागाबद्दल, गैरसमज फार आहेत. २०१९ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्या संस्थेचा रोखा तिथे सूचिबद्ध झाला. स्वयंसेवी संस्था तिथे जो रोखा विकतात त्याचं नावच ‘झीरो कूपन झीरो प्रिन्सिपल’, म्हणजे व्याजही नाही आणि मुद्दलही परत नाही. ते दान आहे, फक्त डीमॅटमध्ये दिसणारं. किमान रक्कम पूर्वी दोन लाख होती, ती उतरत आता हजार रुपयांवर आली आहे. मग घ्यावं का? दान द्यायचंच असेल तर जरूर, कारण संस्थेला दरवर्षी कामाचा अहवाल द्यावा लागतो. आणि दुसरी पावती कशी दिसायला हवी हे शिकायला याहून स्वस्त शाळा नाही.

मोठ्या इम्पॅक्ट फंडांत सहसा किमान एक कोटी लागतात, तेव्हा ते दार आपल्यासाठी बंदच. पण तिथला पैसा कुठे जातो ते पाहत राहा. नाशिकजवळच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये २०२२ साली युरोपातल्या अशा गुंतवणूकदारांनी ३१० कोटी घातले. शेतकऱ्यांनी उभी केलेली कंपनी एवढा पैसा खेचू शकते, हे मला आजही मोठं वाटतं.

पाचवी पायरी : गच्ची

हे कुठल्या फंडाच्या यादीत सापडणार नाही, पण पुण्यातल्या सोसायट्यांना मी सगळ्यात आधी हेच सुचवतो. सोसायटीची शिल्लक बँकेत पडून असते आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल दरमहा जात असतं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे.

समजा २० किलोवॉटचा संच ११ लाखांना बसतो. अनुदान ३ लाख ६० हजार, म्हणजे तुमचे ७ लाख ४० हजार. पुण्याच्या उन्हात किलोवॉटमागे वर्षाला साधारण १,३०० युनिट धरा, पावसाळा जमेस धरून. एकूण २६,००० युनिट झाले. युनिटला दहा रुपये पडत असतील तर वर्षाला २ लाख ६० हजार वाचतात आणि पैसा तीन वर्षांच्या आसपास वसूल होतो. तुमच्या बिलावरचा खरा दर घालून हा हिशेब पुन्हा करा, आणि सामाईक मीटरचा वापर तेवढा आहे का तेही बघा. कोळशाची वीज कमी झाल्याने वर्षाला सुमारे १८ टन कार्बन डायऑक्साइड टळतो.

क्रम असा ठेवा. आधी बारा महिन्यांची बिलं गोळा करा. गच्चीवर टाकी, जिन्याची खोली आणि शेजारच्या उंच इमारतीची सावली दुपारी कुठे पडते ते डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष उभं राहून पाहा. किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर मोकळी जागा लागते. योजनेच्या यादीतल्या निदान तीन पुरवठादारांचे दर घ्या, पॅनल देशी बनावटीचे आहेत का विचारा, नाहीतर अनुदान अडकतं. सर्वसाधारण सभेत ठराव करा. सिंकिंग फंडाला, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीला, वेगळे नियम आहेत, त्याला परस्पर हात लावू नका. मग महावितरणकडे नेट मीटरिंगचा, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करून घेण्याचा अर्ज. पॅनल धुण्याचं काम कुणाचं, हे त्याच ठरावात लिहा. धूळ बसली की वीज घटते आणि सहा महिन्यांनी सगळे एकमेकांकडे बघत राहतात.

पैसे देण्याआधी

सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक तपासा. ठेव मागणाऱ्याबद्दल शंका असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर पाहा, तक्रारही तिथेच करता येते. अनधिकृत ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी १९९९ चा वेगळा कायदाही आहे. पण पोलिसांत गेल्यावर पैसा परत यायला वर्षं जातात, तेव्हा आधीच तपासलेलं बरं. झाडं, शेळ्या, इमू, बांबू, गांडूळखत अशा कशाच्याही नावाने महिन्याला दोन-तीन टक्के कबूल करणारा माणूस आला तर चहा द्या आणि वाटेला लावा.

वर्ष संपलं की

मी एक साधी वही ठेवतो. डाव्या पानावर तारीख, रक्कम आणि आलेलं व्याज. उजव्या पानावर त्या पैशाने काय झालं, संस्थेच्या शब्दांत नव्हे, मला स्वतःला पडताळता आलं तेवढंच. गेल्या मार्चमध्ये एका नोंदीचं उजवं पान कोरं राहिलं. मी संस्थेला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही, दुसरं लिहिलं. महिन्याभराने चार ओळी आल्या, त्यात आकडा नव्हता. मुदत संपल्यावर तिथला पैसा काढून घेतला.

आमच्या सोसायटीचं उजवं पान मात्र सूचना फलकावरच लागतं. दर महिन्याच्या एक तारखेला आमचे वॉचमन मामा इन्व्हर्टरवरचा आकडा पाहून खडूने लिहितात. जुलैत आकडा घसरला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी त्यांना विचारलं, “पॅनल धुतले का रे?”